म्हातारीची गळती

मालवाहू विमान उडवण्याआधी वैमानिक जावई तळावरच्या मेस्त्रींना, म्हणजे आपल्या सासऱ्यांना, हमखास चिडवायचा, "मामा, तुमची ही म्हातारी फार गळते हो!"

"गळतंय म्हणजे तेल आहे, जावईबापू. गळायचं थांबलं, की मग घाबरा," म्हणत मेस्त्री इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे सरकवायचे.

ऐन युद्धात म्हातारी रसद घेऊन गेली, ती परतलीच नाही. शोधही थांबला. रिकाम्या जागेवरचा ट्रे मात्र मेस्त्रींनी कुणाला हलवू दिला नाही.

कारण त्यात तेल पडत होतं. वर नुसतं आभाळ आणि खाली टप, टप. बोटाला चटका बसेल इतकं गरम. ट्रे भरला, की ते मुकाट्याने रिकामा करून परत ठेवत.

त्या दुपारी नवऱ्याचं सामान न्यायला लेक आली आणि ट्रेपाशीच बसली.

"बाबा, म्हणजे तेल आहे अजून?"

"गळतंय म्हणजे आहे, बाळा."

दोघं कान देऊन बसली. टप. टप.

मग बराच वेळ काहीच पडलं नाही. मेस्त्रींनी ट्रेमध्ये बोट बुडवलं. तेल निवत चाललं होतं.

लेक आभाळाकडे बघत हसली. "बाबा, हे उतरले वाटतं कुठेतरी. हो ना?"