आडवी आलेली लाट

“आंजे, थांब तिथंच. पुढं वाघदेव निजलाय. बायामाणसानं राईत पाय ठेवायचा नाय.”

लहानपणी ऐकलेला बाचा तो आवाज अंजलीच्या कानात अजून होता, पानांच्या सळसळीसकट. तिनं देवाची ती राई बघितली ती कायम बाहेरून. कडेचे ऐन नि साग, त्यांच्या पायाशी शेंदूर फासलेला लाकडी वाघ आणि मागं गार काळोख. तेवढ्यावरच तिनं जीव लावला. पेठ तालुक्यातल्या गावामागच्या, राईच्या त्या डोंगरावर खडीची खाण येणार म्हटल्यावर ‘इथं जंगल आहे, हात लावू देणार नाही’ असं सांगत वर्षभर तीच दारोदार फिरली. उद्या सुनावणी. गावाच्या वतीनं बोलायला तीच उभी राहणार.

म्हणून तर ती आत्ता महेशच्या टेबलावर हात आपटत होती.

“दुसरं चित्र कुठंय?”

पंचवटीत, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर त्यांचं नकाशांचं ऑफिस. अंजली नकाशे काढायची, महेश उपग्रहाच्या रडारची चित्रं वाचायचा. उद्याच्या अहवालात त्यानं एकच चित्र लावलं होतं.

“एक पुरतं की,” तो म्हणाला.

“मला शिकवतोस? उपग्रह रडारची उभी लाट सोडतो. कातळावर आपटली तर ती उभीच माघारी येते. झाडांत शिरली तर फांद्याफांद्यांना धडकत कलंडते, थोडी आडवी होऊन येते. भाजीबाजारात सरळ शिरलेला माणूस सरळ बाहेर येतो का कधी? तू लावलंस ते उभ्या लाटेचं चित्र. त्यात ओला खडकही पांढरा नि रानही पांढरं. आडव्या लाटेचं लाव. त्यात झाडं तेवढी पांढरी, मोकळं ते काळं.”

“अंजली, राहू दे.”

“खाणवाल्यांचा चहा गोड लागला वाटतं!”

महेशचा चेहरा उतरला. दाराशी खुर्चीवर बसलेल्या गेणूबाकडं त्यानं एकवार बघितलं. अंजलीचा बा, राईचा भगत, सुनावणीसाठी सकाळच्या एसटीनं आलेला. हातातल्या बशीतला चहा निवून गेला होता.

मग महेशनं चित्र उघडलं आणि खुर्ची सोडून बाजूला झाला.

अंजली वाकली. गावामागचा डोंगर तिनं लगेच ओळखला. ओढ्याकाठची झाडं पांढरी. पलीकडचं सरकारी रान पांढरं. राईच्या जागी एक बारीक पांढरं कडं, बांगडीसारखं. आत काळं. नितळ काळं.

“चुकलंय हे.”

“मलाही तसंच वाटलं. मागच्या वर्षीचं काढलं, त्याच्या मागचं काढलं. साध्या फोटोत आत हिरवं दिसतं गं, पण गवतही हिरवंच असतं. तुला कसं सांगावं ते कळेना.”

खालच्या दुकानात कुणीतरी हंडा टिचक्या मारून पारखत होतं.

“बा,” ती मागं न वळता म्हणाली, “आतली झाडं चोरून नेली ना कुणी?”

गेणूबानं बशी फरशीवर ठेवली.

“चोर कशाला येतोय. वादळात छपरं उडाली त्या साली राईतली पयली तुळई आपल्याच घराला लागली. देवाला कौल लावला, त्यानं दिला. मग शेजारी आला. भगताच्या घराला चालती, तर आमच्या का नको? नाय म्हणायला तोंड कुठं व्हतं मला? तू हितं शिकाया व्हतीस.”

“म्हणजे गावाला ठाऊक आहे?”

“समद्या गावाला.”

“आणि वर्षभर मला पुढं केलंत! मी बोलून आले की शेजारची चिमणाकाकू माझी दृष्ट काढायची, बा. मीठमोहऱ्या ओवाळून. तिलाही ठाऊक?”

“तिच्या घराला दोन तुळया हायत.”

अंजलीनं टेबलाची कड घट्ट धरली. महेश खिडकीबाहेर बघत राहिला.

“मग तुम्ही का नाही बोललात? तुम्ही भगत. मलाच का?”

गेणूबा पागोट्याचं टोक बोटांनी चाचपत होता. त्यानं मान वर केली.

“खाण आली तर वढा आटंल, हे तर खोटं नाय ना, पोरी? कुणीतरी बोलाया पायजे व्हतं. ‘जंगल हाय’ म्हणाया आम्ही उठलो की जीभ अडायची, सायेब लगेच वळखायचा. आम्ही आत जाऊन बघितलं व्हतं ना. तू बघितलं नव्हतंस. म्हून तुला उभं केलं.”