चौदा सेकंद

वालीवच्या कारखान्यात प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या मशीनवर काल रोबोटचा हात बसवला. त्याने वीज वाचणार होती, पण दर झाकणामागे ती जास्तच जळू लागली. "संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर हात परत पाठवू," शेठ म्हणाले. मग आजवर मशीनमधून झाकणं काढणाऱ्या शकू आणि रीमाचं काम टिकलं असतं. इंजिनियर स्टेफी रडवेली झाली. "मावशी, साचा बंद झाल्यावर तुम्ही झाकण किती सेकंदांनी काढायचात? मी रोबोटला अठरा लावलेत." रीमाने शकूला डोळ्यांनीच दटावलं. शकूची चुळबुळ थांबेना. बारा वर्षं तिने हेच केलं होतं. वाया जाणारा एकेक सेकंद तिला टोचत होता. "चौदा," ती अखेर बोलली. स्टेफीने आकडा बदलला आणि तासाभरात विजेचा वापर उतरला. शकू शेठकडे वळली. "रॅकवर अजून चाळीस साचे हायेत. परत्येकाचा आकडा येगला. आमा दोघींबिगर कोनाला ठाव नाय." शेठनी स्वतः दोघींसाठी दोन खुर्च्या ओढल्या.