तणस

“फाटक्या जाळ्यात तणस सैल भर, पोरी. त्यातून पाणी खेळू दे, शेवाळ धरणारच नाही.” मायचा आवाज सेवंताच्या कानात लहानपणापासून होता.

तरी गेल्या साली घाईघाईत तिनं भाताच्या तणसाच्या घट्ट पेंढ्याच तलावात सोडल्या. त्या बुडाल्या आणि उन्हाळ्यात हिरव्या शेवाळाखाली मासोळी पुन्हा गुदमरून मेली. “म्हशीचा चारा मासोळीला घालते!” सासरे चारचौघांत हसले. यंदाही मासोळी गेली, तर गावातल्या मासेमार ढिवरांचा तलाव बाहेरच्या ठेकेदाराला मिळणार होता.

माघात सेवंतानं घरोघरची फाटकी जाळी मागून आणली, तणस सैल भरलं आणि वाळक्या भोपळ्यांना बांधून तरंगत ठेवलं.

वैशाखात पाणी इतकं नितळ झालं, की काठावरून मासोळीची सावली दिसावी. पहिलंच जाळं चौघींना ओढवेना. रोहू उसळले, बाया कंबरभर पाण्यात नाचल्या.

सासऱ्यांनी डोक्याचा दुपट्टा काढून हातात धरला. “तुझ्या मायनं हे मला तुझ्या लग्नातच सांगितलं होतं, पोरी. बाईचं काय ऐकायचं, म्हणून इतकी वर्षं मीच गावात कुणाला बोललो नाही.”