पायरीवरचं मांजर

मंगळवेढ्याहून कुमुदबाईंचं पत्र येऊन आठ महिने झाले होते. वाचनालयात आम्ही वीस वर्षं शेजारी बसून काम केलं. त्यांनी लिहिलं होतं, “मुलाकडं सगळं आहे, बोलायला कुणी नाही. चार दिवस तुमच्याकडं पुस्तकं वाचायला आले तर चालेल?” त्यांच्या घरच्यांना काय वाटेल, या विचारानं मी उत्तरच दिलं नाही.

माझ्या पायरीवर रोज एक पिवळं मांजर यायचं. पायाला अंग घासायचं, म्हणजे कुणीतरी पाळलेलंच असणार. मी दूध ठेवायचो आणि दार लावून घ्यायचो. शेवटी चादरीच्या सुतानं त्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधली, ‘हे कुणाचं आहे?’

संध्याकाळी शेजारच्या रत्नम्मा चिठ्ठी घेऊन आल्या. “काय हो सर! वर्षभर तुमच्याच दारात बसतंय. तुमचंच समजून आमी कुणी घरात घेतलं न्हाय की त्याला!”

मी दार उघडं ठेवलं. मांजर आत आलं आणि माझ्या खुर्चीखाली झोपलं.

सकाळी पोस्टाच्या पेटीत उत्तर टाकलं. चार कागद फाडून झाल्यावर एवढंच लिहिता आलं होतं, “या. पण चार दिवसच का?”