अंत्यविधीचं प्रात्यक्षिक

“प्रेताने पाय आत घ्यावेत,” सर म्हणाले.

प्रेताने पाय आत घेतले. वर्गातली दोन टेबलं जोडून त्यावर घुम्या आडवा झाला होता. अंगावर वसतिगृहाची पांढरी चादर होती, पण ती अपुरी पडत होती, आणि खालून जे मोजे डोकावत होते ते समोर उपदेशाला उभ्या असलेल्या फर्ड्याचे होते. फर्ड्याने ते लगेच ओळखले. सकाळपासून तो तेच शोधत होता.

उपदेशाच्या विषयाची ही शेवटची परीक्षा. पाळक घडवणाऱ्या या विद्यापीठात यायचं, बायबलची पानं झिजवायची, हिब्रूशी झटापट करायची, ग्रीकपुढे नाक घासायचं, आणि जाता जाता एका वर्गमित्राला टेबलावर निजवून त्याच्या अंत्यविधीचा उपदेश करायचा, ही इथली रीत. प्रेत कोण व्हायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरे. उपदेश त्याच माणसावर हवा आणि त्याचं चांगलंच बोलायला हवं. “वाईट बोलायचं काम माणूस जिवंत असताना चर्चमधले लोक चोख करतात, पाळकाने त्यात हात घालू नये,” असं सर म्हणत. मेलेला माणूस उठून बसतो तो बायबलमधला उतारा मात्र सरांनी परीक्षेतून कायमचा बाद केला होता, कारण एका वर्षी प्रेताला मोह आवरला नव्हता.

आज मागच्या बाकावर एक पाहुणे बसले होते. शहरातल्या सगळ्यात मोठ्या चर्चचे म्हातारे पाळक. त्यांना हाताखाली एक साहाय्यक पाळक हवा होता आणि तो ते आजच निवडणार होते. बाकीच्यांच्या नेमणुका कधीच झाल्या होत्या. उरले होते दोघंच: बोलायला लागला की न थांबणारा फर्डा, आणि बोलायलाच न लागणारा घुम्या. फर्ड्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी तर साफ सांगून ठेवलं होतं, आधी चर्च मिळवा, मग मुलगी मागा. दुसरं स्थळ त्यांच्या दारात येऊन बसलंच होतं, आणि ते स्थळ बँकेत होतं.

तशी काळजी नव्हती. घुम्याने आपला उपदेश सकाळीच चार वाक्यांत उरकून टाकला होता. मैदान मोकळं होतं. फक्त चिठ्ठीत नेमकं घुम्याचंच नाव निघावं, याला काय म्हणायचं.

दोघं एकाच खोलीत राहायचे. खिडकीजवळची खाट घुम्याने पहिल्या दिवशी धरली ती धरलीच. फर्ड्याचा ग्रीक शब्दकोश त्याच्याकडे गेला तो तिकडचाच झाला. जेवणाच्या रांगेत घुम्या सगळ्यात शेवटी येई आणि ताट मात्र त्याचं सगळ्यात आधी भरलेलं असे. कसं, ते एक देवालाच ठाऊक. अशा माणसाबद्दल चांगलं काय बोलणार, कपाळ?

फर्ड्याने घसा साफ केला.

“आपल्या या बंधूने,” तो म्हणाला, “आपलं आणि परकं असा भेद आयुष्यात कधी केला नाही.”

इथपर्यंत खरं होतं. पण मागच्या बाकावरचे पाळक पुढे झुकून ऐकू लागलेले फर्ड्याने पाहिले, आणि त्याची जीभ सुटली ती सुटलीच. घुम्या रात्र रात्र आजाऱ्यांच्या उशाशी बसू लागला. घुम्या कुणाला न सांगता दुसऱ्यांची भांडी घासू लागला. “रांगेत उभा असला तर आपली जागा मागच्याला द्यायचा,” फर्डा म्हणाला. “उद्या कुणी त्याला मोठ्यात मोठी जागा देऊ केली असती, तरी तो बाजूला झाला असता, आपल्या भावाला पुढे केलं असतं त्याने.” आणि इथे त्याचा स्वतःचाच आवाज फाटला. घुम्याने ज्याचा टॉवेल वर्षभर वापरला होता तो पहिल्या बाकावर बसला होता. तोसुद्धा डोळे पुसायला लागला.

म्हातारे पाळक रुमाल शोधत उठले.

“बाळ, हे सगळं खरं आहे?”

सर चष्म्यावरून बघत होते. नाही म्हणावं तर भर उपदेशात धडधडीत खोटं बोलला म्हणून नापास.

“शब्द न् शब्द,” फर्डा म्हणाला.

“मग झालं तर माझं काम. बोलणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, मी स्वतः त्यातलाच एक आहे. असा माणूस मात्र शोधून सापडत नाही.” पाळकांनी टेबलाजवळ जाऊन हळूच चादर बाजूला केली. “येशील आमच्याकडे?”

हे फर्ड्याच्या हिशेबात नव्हतं. मग त्याला जरा धीर आला. एवढी स्तुती सगळ्यांनी कानांनी ऐकल्यावर हा आता कोणत्या तोंडाने हो म्हणणार? बाजूलाच होईल. व्हावंच लागेल.

घुम्या उठून बसला.

“येतो की,” तो म्हणाला.

पाळकांनी त्याला जवळ घेतलं. सरांनी फर्ड्याला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले. मग सर आणि पाळक चहाला गेले, त्यांच्यामागून वर्गही पांगला. फर्डा तिथेच उभा राहिला. त्याला आता बँकेतलं स्थळ डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि रडू यायचं तेवढं बाकी होतं.

“लाज नाही वाटत तुला?” तो म्हणाला. “दुसऱ्यासाठी आपली जागा सोडणारा माणूस, असं आत्ता सगळ्यांसमोर सांगितलं मी तुझ्याबद्दल.”

घुम्या बुटाच्या नाड्या बांधत होता. त्याने मान वर केली. मग जे तो बोलला, तेवढं लांबलचक वर्षभरात बोलला नसेल.

“ऐकलं मी सगळं. फार चांगला होता रे तो,” घुम्या म्हणाला. “पण आत्ताच पुरलंस ना तू त्याला.”