समोरची बहीण

थोरलीचं घर रस्त्याच्या अलीकडे, धाकटीचं बरोबर समोर. गॅसवर दूध ठेवून थोरली पलीकडे जायची आणि ते उतू जायच्या आत चार घरच्या भानगडी ऐकून परत यायची. मग रस्ता रुंद झाला, मधोमध उंच लोखंडी कठडा आला. पादचारी पूल बांधला होता म्हणा, पण त्या पायऱ्या दोघींच्याही गुडघ्यांना झेपेनात. तेव्हापासून आपापल्या गॅलरीत उभ्या राहून, एकमेकींकडे बघत, दोघी फोनवर बोलायच्या. हॉर्नच्या गोंगाटात तेही धड ऐकू यायचं नाही.

“मला एकदा तिच्याकडे सोड ना रे,” थोरली म्हणायची.

“अगं आई, समोरच्या घरी जायला कुणी गाडी काढतं का?” मुलगा हसायचा.

यंदा धाकटीची लेक तिला कायमची आपल्या गावी घेऊन गेली. रिकाम्या गॅलरीकडे बघत बसलेल्या आईजवळ मुलगा येऊन बसला. “मावशी फारच लांब गेली गं.”

तिनं डोळे पुसले.

“लांब कसली? आता तरी तू मला भेटायला नेशील.”