पुलापलीकडची गाडी

माळीणबाईंनी फाटकाला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"गुरं शिरतात," त्या म्हणाल्या. "कुणाबरोबर आलात?"

"एकटीच. बसनं."

खोटं बोलायची धाकटीला सवय नव्हती. पुलापलीकडे दाजी गाडीत बसून होते.

आठ महिन्यांपूर्वी याच नदीच्या काठावर ताईच्या चपला सापडल्या होत्या. ताई सापडली नाही. पोलिसांनी चार दिवस पाणी ढवळलं आणि मग हात झटकले. दाजींनी मात्र आशा सोडली नाही. बायकोचा फोटो खिशात घालून गावोगाव हिंडले, अंगानं निम्मे झाले. परवा ताईच्या कपाटात कपड्यांच्या घडीत त्यांना एक पुडी मिळाली. आत वाळका पाला, वर या बागेचा शिक्का. ते दोनदा येऊन गेले, पण बाईनं फाटक उघडलं नाही.

"त्या बाईच्या पोटात काहीतरी आहे," दाजी म्हणाले होते. "तुला ती ओळखत नाही. बाग बघायला म्हणून जा. काही दिसलं की नुसतं कळव. मी आहेच."

बाग म्हणायची, इतकंच. नदीकाठी आपल्या मर्जीनं माजलेलं रान आणि त्यात मधेमधे वाफे. माळीणबाई पुढे चालत होत्या. साठीच्या, पण ताडमाड उंच, हातात विळा.

"हा पुदिना. पाण्याकडेचं ते वेखंड. याला हात लावू नका."

"काय आहे?"

"धोतरा. चार बिया पोटात गेल्या की माणूस स्वतःचं नाव विसरतो." त्यांनी मागे वळून पाहिलं. "तुमचं काय काम असतं?"

"शिवणकाम."

माळीणबाई थबकल्या. तिच्या बोटांकडे पाहत राहिल्या. मग चालू लागल्या.

झाडं दाट झाली. फाटक दिसेनासं झालं, रस्त्याचा आवाजही तुटला. वाट नदीकडे उतरत होती. पाण्याच्या बाजूला कुंपण नव्हतं. नुसते दगड होते, आणि पाणी जेमतेम गुडघाभर.

"इथंच थांबा. कुठं जाऊ नका," असं बजावून माळीणबाई झाडीत शिरल्या.

धाकटीनं श्वास सोडला आणि मान वर केली.

बडीशेपेच्या वाफ्यात बुजगावणं उभं होतं. त्याच्या अंगात ताईचा निळा कुडता होता.

तो ओळखायला तिला जवळ जायचीही गरज नव्हती. मागच्या उन्हाळ्यात ताईनं सगळ्या कुडत्यांना लांब बाह्या लावून घेतल्या होत्या. "उन्हानं हात काळवंडतात गं," म्हणाली होती. धाकटीनं दोन दिवस मान मोडून त्या लावल्या होत्या. आता बाह्या नव्हत्या. कुणीतरी कात्रीनं खांद्यापासून कापून टाकल्या होत्या.

तिनं फोन काढला. रेंजची एकच काडी होती. 'ताईचा कुडता आहे. लवकर या. फाटकाला कुलूप आहे, नदीकडून या. पाणी कमी आहे.'

लगेच उत्तर आलं. 'निघालो.'

तिला थोडा धीर आला. पुढे होऊन तिनं कुडत्याची टीप चाचपली. तिच्याच हातची होती.

"हात काढा तिथून."

माळीणबाई मागे उभ्या होत्या. त्या कधी आल्या, ते कळलंही नव्हतं.

"हा माझ्या बहिणीचा आहे," धाकटीच्या तोंडून निघून गेलं. "मी शिवलाय. कुठंय ती? काय केलंत तिचं?"

माळीणबाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं.

"म्हणजे धाकटी तूच," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या बोटांवरून वाटलंच होतं मला. चल."

"मी नाही येणार."

"चल म्हणते ना! आणि आवाज करू नकोस."

त्यांनी तिचं मनगट धरलं. पकड सांडशीसारखी होती. धाकटीनं हिसका दिला, पाय रोवले, पण बाई तिला ओढत झाडीत घेऊन गेल्या. विळा मांडीपाशी हिंदकळत होता. दाजी, लवकर या, लवकर या, एवढंच ती मनात घोकत होती.

वेलींनी झाकलेली एक खोली आली. माळीणबाईंनी दारावर दोनदा टिचकी मारली. आतून कडी निघाली.

दारात ताई उभी होती.

पाल्यानं हिरवी झालेली बोटं, केस आखूड कापलेले. तिनं धाकटीला असं कवटाळलं की दोघींनाही धड रडता येईना.

"जिवंत आहेस! अगं, आम्ही तुला नदीत... दाजींची काय दशा झालीय माहितेय? रोज तुला शोधतायत वेड्यासारखे."

ताईचे हात सुटले. उघड्या दंडांवर, खांद्यापासून कोपरापर्यंत, सिगारेटच्या चटक्यांचे जुने गोल डाग होते.

"तू एकटीच आलीयस ना?" तिनं विचारलं.

धाकटीचा हात फोनकडे गेला. नदीच्या बाजूनं दाजींची हाक आली, नेहमीसारखीच मायेची.

"सापडली का गं?"